गोळ्या संपल्या की कुत्र्याचे जुलाब पुन्हा सुरू होतात, तेव्हा काय करायचं

लक्षणं साधारण अशी असतात. कुत्रा खेळतो, भुंकतो, बेल वाजली की दाराशी धावतो, जेवणावर तुटून पडतो; फक्त शी बांधून होत नाही. डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं आलबेल. मग दोन-तीन आठवड्यांनी पहाटे पुन्हा गॅलरीतली फरशी पुसायची वेळ येते. पुन्हा त्याच गोळ्या, पुन्हा तोच आराम. असं चार-पाच वेळा झालं की घरातलं कुणीतरी जाहीर करतं, ‘याचं पोटच नाजूक आहे’, आणि विषय संपतो.

नाजूक पोट हे काही निदान झालं नाही. तीन आठवड्यांहून जास्त काळ चाललेल्या किंवा सारख्या उलटणाऱ्या जुलाबांना पशुवैद्यक जुनाट दुखणं म्हणतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा सापडण्यासारखं कारण असतं. आपल्याला ते सापडत नाही, कारण दर खेपेला जुलाब थांबले की शोधही थांबतो. खाली दिलेला क्रम स्वस्तापासून महागाकडे जातो: आधी डोळे आणि वही, मग शीची तपासणी, मग आहार, शेवटी रक्त आणि सोनोग्राफी. बरेच जण घाबरून नेमके शेवटच्या टोकापासून सुरुवात करतात आणि हजारो रुपये घालवल्यावर कळतं, की वॉचमनकाका रोज बिस्किटाचा पुडा फोडत होते.

आधी ठरवा, थांबायचं की निघायचं

काही प्रसंगांत वही-बिही बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा असतो. लस पूर्ण न झालेलं पिल्लू, उलट्या, मलूलपणा आणि भयंकर वासाची रक्ताळ शी, एवढं दिसलं की पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) समजूनच निघा. सकाळ व्हायची वाट बघू नका. मोठ्या कुत्र्याला अचानक जामसारखी लाल शी व्हायला लागली तरी तेच. त्यात अंगातलं पाणी इतक्या भराभर कमी होतं की सलाईनशिवाय गत्यंतर नसतं. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे जठरात किंवा लहान आतड्यात रक्त जात असण्याची शक्यता. आपल्याकडे गोचीड तापातही असं दिसतं. (आदल्या दिवशी भरपूर कलेजी घातली असेल किंवा लोहाचं औषध चालू असेल तरी शी काळी होते. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.) पावसाळ्यात ताप, उलट्या आणि हिरड्या किंवा डोळे पिवळट दिसले तर लेप्टोची (लघवीतून माणसालाही लागणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका घ्यायची आणि लघवी साफ करताना हातमोजे घालायचे. आणि पोट ढोलासारखं फुगलंय, ओकारीचे उमाळे येताहेत पण बाहेर काहीच पडत नाही, असं झालं तर तो जुलाबाचा प्रकारच नव्हे. पोटाला पीळ पडलेला असू शकतो, तेव्हा ताबडतोब गाडी काढा.

घरी अंगातलं पाणी तपासायचं असेल तर हिरडीवर बोट फिरवा. निरोगी हिरडी ओली, बुळबुळीत लागते. कोरडी आणि चिकट लागली तर पाणी कमी झालंय. हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडण्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते, पण म्हाताऱ्या, हडकुळ्या किंवा लठ्ठ कुत्र्यांत ती फसवते.

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. जुलाब बंद करणारी माणसांची लोपरामाइड ही गोळी कॉली जातीच्या कुत्र्यांना जनुकीय कारणाने घातक ठरू शकते. बाकीच्यांतही आतड्यात विष किंवा जंतू असतील तर ती त्यांना आतच कोंडून ठेवते. पोट दुखत असेल म्हणून दिलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक जठराला छिद्र पाडू शकते, आणि पॅरासिटामॉलही कुत्र्याला मनाने देण्याची गोष्ट नाही.

शीकडे नीट बघा

किळस वाटते, मान्य. पण डॉक्टरांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाला ‘पातळ होते’ एवढंच उत्तर दिलंत तर निम्मी माहिती तिथेच वाया जाते. दुखणं लहान आतड्यात आहे की मोठ्या, हे शी बघून बऱ्यापैकी सांगता येतं, आणि त्यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

मोठ्या आतड्याचं दुखणं असेल तर कुत्रा सारखा बाहेर जायला मागतो, दर वेळी थोडं थोडं करतो, कुंथतो, झाल्यावरही बसून राहतो. शीवर शेंबडासारखी आव असते, शेवटी ताज्या लाल रक्ताचे थेंब असतात. एवढं सगळं होऊन वजन मात्र जागच्या जागी. घरच्यांना हे बद्धकोष्ठ वाटतं आणि ते एरंडेल पाजायला निघतात! लहान आतड्याचं असेल तर चित्र उलटं. दिवसातून दोन-तीनदाच, पण ढीगभर. पातळ, कधी फिकट, कधी चकचकीत तुपकट. सोबत उलट्या, पोटात गुरगुर, आणि खाणं व्यवस्थित असूनही बरगड्या दिसायला लागतात.

मोबाइलवर फोटो काढा. शीचे फोटो काढतो म्हणून डॉक्टर हसत नाहीत, उलट त्यांचं काम सोपं होतं. दर आठवड्याला वजनही करा. आधी स्वतःचं, मग कुत्र्याला उचलून. मोठा कुत्रा असेल तर दवाखान्यातल्या काट्यावर. वजन घटतंय की नाही, ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची एकुलती एक नोंद आहे.

पंधरा दिवसांची वही

फ्रिजवर कागद चिकटवा. कुत्र्याच्या तोंडात जे जे जाईल ते घरातल्या प्रत्येकाने लिहायचं, आजी-आजोबांसकट. रोज किती वेळा झाली, घट्ट की पातळ, आव आहे का, तेही. तोंडात जाणाऱ्या गोष्टींत औषधांच्या गोळ्या, दात घासायच्या काड्या, गोळी लपवायला वापरलेला चीजचा तुकडा, सगळं आलं.

एका ओळखीच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याचा असा कागद बघितला होता. शनिवारपर्यंत छान, सोमवार-मंगळवार आव आणि कुंथणं, गुरुवारपर्यंत परत ठीक. गोळ्याही दर सोमवारी सुरू व्हायच्या आणि बुधवारी ‘लागू पडायच्या’. रविवारी घरात मटण असायचं. ‘आम्ही त्याला रस्सा देत नाही हो, तुकडे धुऊन देतो,’ असं घरचे सांगत. पण मसाल्यात मुरलेला तुकडा धुऊन कांदा-लसूण जात नाही, चरबी तर मुळीच जात नाही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, ते वेगळंच. रविवार सुधारला, सोमवारही सुधारला.

खाण्याशी संबंध नसलेला नमुनाही वहीत सापडतो. गणपतीतले ढोल-ताशे, दिवाळीतले फटाके, चार दिवस बोर्डिंगमध्ये ठेवणं, घर बदलणं, यानंतर एक-दोन दिवसांत आव पडायला लागते आणि आठवड्याभरात आपोआप थांबते. ताणामुळे मोठं आतडं असं बिघडतं. तुमच्या कुत्र्याचे जुलाब असेच तारखा बघून येत असतील तर आहार उलथापालथा करण्याआधी तिकडे बघा.

आपल्या घरांतली नेहमीची कारणं

दूध-पोळी. याच्यावर वाद घालणारे खूप भेटतात: आमच्या गावाकडच्या कुत्र्यांनी आयुष्यभर दूध-भाकरी खाल्ली. खाल्ली असेल. अंगावरचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवणारं विकर कुत्र्यांत कमी होत जातं, पण किती कमी, हे प्रत्येकात वेगळं. एखाद्याला वाटीभर दूध पचतं, शेजारच्याला चार चमच्यांनी जुलाब होतात. त्यात म्हशीचं दूध असेल तर स्निग्धांशही गाईच्या दुधापेक्षा बराच जास्त. दह्यात ही साखर काही प्रमाणात आंबून गेलेली असते म्हणून दहीभात अनेकांना चालतो. आपल्या कुत्र्याला चालतो का, हे दोन आठवडे दूध पूर्ण बंद करूनच कळतं. ‘चहातलं उरलेलं तेवढं’ हेसुद्धा दूधच.

दुसरं, मापाचा अंदाज. दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० कॅलरी पुरतात. वरखाण्याचा वाटा दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, म्हणजे ६३ कॅलरी. मध्यम आकाराच्या एका पोळीतच शंभर-सव्वाशे असतात. घरातल्या चौघांनी आपापल्या ताटातला एकेक घास दिला की हिशेब संपला. नुसतं खाणं जास्त झालं तरी शी मऊ होते, पिल्लांत तर हे फारच दिसतं. सकाळची शी घट्ट आणि संध्याकाळची सैल होत जाते, असं दिसलं तर मापाचा पेला आधी तपासा.

तिसरं, चिकनवाल्याकडचं वेस्टेज. स्वस्त पडतं म्हणून पाय, माना, कातडी एकत्र शिजवून घालतात. कातडी म्हणजे निव्वळ चरबी. एखाद्या जेवणात एकदम इतकी चरबी गेली तर जुलाबावर भागलं तर नशीब, स्वादुपिंडाला सूज आली तर कुत्रा उलट्या करत, पुढचे पाय जमिनीला टेकवून आणि ढुंगण वर करून पोट ताणत बसतो. दिवाळीच्या फराळानंतर दवाखान्यांत हे चित्र दिसतं. शिजवलेली हाडं तर नकोतच. ती ठिसूळ होऊन टोचतात, नाहीतर खडूसारखी पांढरी कडक शी होऊन कुत्रा कुंथत बसतो. आणि रोज कलेजी घालणाऱ्यांना एवढंच सांगेन, की आठवड्यातून एकदा थोडीशी पुरे.

तयार दाणे देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कंपनी बदलायची असेल तर सात ते दहा दिवस घ्या. आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. जुनी पिशवी संपली आणि दुकानात तीच नव्हती म्हणून एका रात्रीत बदल केला, की जुलाब ठरलेले. आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पंधरा किलोची मोठी पिशवी घेऊन ती तोंड उघडं ठेवून वापरू नका. दमट हवेत दाण्यांवरची चरबी खवट होते, बुरशी धरते. मूळ पिशवी गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिन्या-सव्वा महिन्यात संपेल एवढीच आणा. लहान पिशवी किलोमागे महाग पडते, पण या दिवसांत तीच घ्यावी.

प्रसादाच्या शिऱ्याचा उल्लेख इथेच करतो. त्यातल्या मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती मनुकांनी त्रास होईल हे आधी सांगता येत नाही. तिथे जुलाबाचा विचार नंतर.

‘जंताचं औषध तर दिलंय’

हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न: कुठलं, केव्हा आणि वजनाच्या मानाने किती? दुकानातून आणलेली सगळी जंतनाशकं सगळ्या जंतांवर चालत नाहीत. पायरँटेल आणि प्राझिक्वांटेल एवढंच असलेली गोळी गोलकृमी, अंकुशकृमी आणि पट्टकृमींवर चालते, पण चाबूककृमीवर नाही. त्याला फेबँटेल किंवा फेनबेंडाझोल लागतं. हा चाबूककृमी मोठ्या आतड्यात राहतो आणि वर सांगितलेली आव, कुंथणं, ताजं रक्त हे सगळं नाटक रंगवतो. त्याची अंडी पोटात गेल्यापासून शीत नवी अंडी दिसेपर्यंत जवळजवळ तीन महिने जातात. म्हणजे त्रास आधी सुरू होतो आणि तपासणी मात्र ‘काही नाही’ म्हणते. मातीतली अंडी वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून त्याच मैदानात फिरणारा कुत्रा पुन्हा पुन्हा घरी घेऊन येतो. अनुभवी डॉक्टर अशा वेळी रिपोर्ट स्वच्छ असला तरी औषध देतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा देतात. शीत किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे तुकडे दिसत असतील तर तो पट्टकृमी. त्याचा प्रसार पिसवांमुळे होतो, तेव्हा पिसवांचा बंदोबस्त केल्याशिवाय गोळी कितीही द्या.

पण ‘औषध दिलं की बरं, मग पुन्हा’ या तक्रारीत माझा पहिला संशय जिआर्डियावर असतो, विशेषतः दोन वर्षांखालच्या आणि बोर्डिंगमध्ये राहून आलेल्या कुत्र्यांत. हा कृमी नव्हे, एकपेशीय जीव. तो शीतून रोज बाहेर पडत नाही, मधूनमधून पडतो. त्यामुळे एकच नमुना तपासून ‘नाही’ आलं तर त्याला फारसा अर्थ नसतो. तीन ते पाच दिवसांत तीन वेगवेगळे नमुने द्या, किंवा सोबत जिआर्डियाची प्रतिजन (अँटिजेन) चाचणी करायला सांगा. नमुना अक्रोडाएवढा, ताजा, स्वच्छ कोरड्या डबीत. लगेच पोचवता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. (डबीवर ठळक लिहून ठेवा. कारण सांगायला नको.)

जिआर्डियाचं औषध देऊनही तो परत येतो याचं मुख्य कारण औषध हरलं असं नसतं. त्याच्या पुटी (कवचात बसलेले जिआर्डिया) शीतून बाहेर पडल्या त्या क्षणापासून लागण करू शकतात, आणि त्या कुत्र्याच्याच मागच्या पायांच्या केसांत अडकून बसतात. तो अंग चाटतो, झालं. म्हणून औषधाच्या शेवटच्या दिवशी शाम्पू लावून अंघोळ घालायची, ढुंगणाचा भाग आणि मागचे पाय नीट धुऊन. अंथरूण कडकडीत गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचं, कारण ओल त्यांना जगवते आणि कोरडं ऊन मारतं. पावसाळ्यात हे कठीण जातं; पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणायचं कुठून! तेव्हा इस्त्री फिरवा. शी पडल्या पडल्या उचला. घरात दोन कुत्रे असतील तर दुसऱ्याचं काय करायचं ते त्याच भेटीत विचारा. उपचारानंतर लगेच प्रतिजन चाचणी करू नका. कुत्रा बरा होऊनही ती काही आठवडे होकारार्थी येऊ शकते आणि मग विनाकारण दुसरा कोर्स होतो.

त्या गोळीबद्दल

पाच दिवसांची ती गोळी बहुधा मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) असते. ती डॉक्टरांनी दिली म्हणजे चुकलं असं म्हणायचं नाही. काही दुखण्यांत तिची गरज असते. पण खाऊन-पिऊन मजेत असलेल्या कुत्र्याच्या प्रत्येक जुलाबाला ती द्यायची सवय मोडायला हवी. साधे जुलाब बहुतेक कुत्र्यांत काही दिवसांत आपोआप थांबतात, त्यामुळे श्रेय गोळीला मिळतं. युरोपातल्या पशुवैद्यक तज्ज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य जुलाबांसाठी प्रतिजैविकं देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे.

तिचा तोटा जुलाब परतण्याशी थेट जोडलेला आहे. यकृतातून आतड्यात येणारं पित्ताम्ल काही ठरावीक जिवाणू बदलून सौम्य रूपात आणतात. मेट्रोनिडाझोल याच जिवाणूंना झोडपते. मग न बदललेलं पित्ताम्ल मोठ्या आतड्यात साचतं आणि तिथे पाणी ओढून घेतं. निरोगी कुत्र्यांना दोन आठवडे ही गोळी देऊन पाहिलं, तेव्हा काहींच्या आतड्यातली जिवाणूंची घडी चार आठवड्यांनंतरही पूर्ववत झाली नव्हती. थोडक्यात, ज्या जुलाबासाठी गोळी दिली त्याच्या पुढच्या खेपेची सोय तीच करून ठेवू शकते. मात्रा जास्त झाली किंवा फार दिवस चालली तर मेंदूवरही परिणाम होतो: तोल जातो, डोळे झरझर हलतात, मान एका बाजूला कलते. असं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच फोन करा.

डॉक्टरांशी यावर बोलायचं कसं, हा अनेकांचा खरा प्रश्न असतो. ‘प्रतिजैविक आत्ताच लागेल का, की शी तपासून ठरवू या?’ एवढं विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही. चालू असलेला कोर्स मात्र मनाने अर्ध्यावर सोडू नका.

मधल्या दिवसांत खायला काय

पूर्ण उपाशी ठेवायचा सल्ला आता मागे पडत चाललाय, आणि लहान पिल्लाला तर उपाशी ठेवूच नका, त्याच्या रक्तातली साखर उतरते. गुरगुट्या भात दोन भाग, कातडी काढून पाण्यात उकडलेली कोंबडी एक भाग. मीठ, हळद, तूप, फोडणी काही नाही. दिवसाचं माप चार-पाच वेळात थोडं थोडं वाटून. मोठ्या आतड्याचं लक्षण असेल तर उकडलेला लाल भोपळा चमचा-दोन चमचे किंवा भिजवलेला इसबगोल घाला. इसबगोल लहान कुत्र्याला दिवसाला अर्धा चमचा, लॅब्रॅडॉरएवढ्याला एक-दोन चमचे. इसबगोल साधाच घ्या, संत्र्याच्या चवीचा नको. त्यात साखर किंवा कृत्रिम गोडी असते, आणि झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला विष आहे. कोरडा इसबगोल कधीही देऊ नका.

हे खाणं चार-पाच दिवसांचं. कुत्रा खुशीत खातो म्हणून महिनोन्महिने चिकन-भात चालू ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, पिल्लाची हाडं वाकतात. घरचंच खाणं कायम द्यायचं असेल तर पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून पाककृती करून घ्या, पूरक भुकटीसकट.

पोट बसवण्यासाठी देतो ती कोंबडीच एखाद्या कुत्र्याला सोसत नसेल तर? तेव्हा चिकन-भाताने शी कधी पुरती घट्ट होत नाही, जरा सुधारते आणि घसरते. घरचे म्हणतात, एवढं पथ्य करूनही! कुत्र्यांत ज्या पदार्थांचं वावडं जास्त आढळतं त्यांत कोंबडी, दूध आणि गहू हे तिन्ही आहेत, आणि आपल्या घरातल्या कुत्र्याचं पान या तिघांनीच भरलेलं असतं.

आहार बदलून पाहणं, पण खरोखर

जंत नाहीत, जिआर्डिया नाही, वहीत काही सापडलं नाही, कुत्रा अंगाने बरा आहे: मग आहाराची परीक्षा. जुनाट जुलाबांच्या कुत्र्यांत निम्म्याहून जास्त नुसत्या आहारबदलाने सुधारतात, आणि ज्यांना गुण येतो त्यांना बहुधा दोन आठवड्यांतच येतो. महिनोन्महिने थांबावं लागत नाही. (खाज आणि कानदुखी हीच मुख्य तक्रार असेल तर मात्र आठ आठवडे धरा.)

दोन मार्ग आहेत. एक, प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं औषधी खाणं, जे दवाखान्यातून मिळतं आणि महाग असतं. दुसरा, या कुत्र्याने जन्मात न खाल्लेलं प्रथिन. मासे कधीच दिले नसतील तर मासे आणि बटाटा. शाकाहारी घरांत कधी न घातलेलं अंडं. पिशवीवर मोठ्या अक्षरांत मेंढीचं किंवा माशाचं चित्र असतं आणि मागे बारीक अक्षरांत चिकन मील, चिकन फॅट. मागचं वाचा. एकदा घरी तीन पिशव्या ओळीने मांडून मागची यादी वाचून बघा, करमणूक होते.

या काळात बाकी काहीही द्यायचं नाही. बिस्किट, पोळीचा तुकडा, चघळायची काडी, मांसाच्या चवीची गोचिडाची गोळी, सगळं बंद. गोळी लागणारच असेल तर बिनचवीचा पर्याय विचारा. सगळे प्रयोग इथेच फसतात. आई म्हणते, ‘एवढ्याशाने काय होतंय?’ त्या एवढ्याशानेच होतं. सोसायटीत, कामाच्या मावशींना, वॉचमनकाकांना हात जोडून सांगा. कुत्र्याच्या पट्ट्याला ‘मला खाऊ देऊ नका’ अशी पाटी लावणारे लोक मी बघितलेत आणि ते वेडे नाहीत. फिरताना उकिरड्यात तोंड घालणारा गडी असेल तर तेवढे दिवस जाळीचं मुस्कं घाला.

गुण आला तर अर्धं काम झालं. आता जुनं खाणं मुद्दाम पुन्हा सुरू करून बघायचं. काही दिवसांत जुलाब परतले तर कारण पक्कं, नाही परतले तर सुधारणा योगायोगाची होती. ही पायरी बहुतेक जण गाळतात, घट्ट शी मोडायची हिंमत होत नाही. पण तिच्याशिवाय आयुष्यभर महागडं खाणं विनाकारण चालू राहतं. त्यानंतर एकेक पदार्थ, दर दोन आठवड्यांनी एक.

एवढं करूनही थांबलं नाही तर

वजन घटत असेल तर मात्र इथपर्यंत थांबू नका, आहाराच्या परीक्षेसोबतच रक्त तपासा. जर्मन शेफर्ड, अधाशासारखा खातोय, तरी हाडं दिसताहेत, शी फिकट, तुपकट आणि डोंगराएवढी: स्वादुपिंडातून पाचकरस येत नसण्याची दाट शंका. त्याची रक्तचाचणी आहे, ती उपाशीपोटी करतात. निदान झालं तर प्रत्येक जेवणात विकरांची भुकटी मिसळायची, आणि असे कुत्रे छान जगतात. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ अशा दुखण्यांत खाली गेलेलं असतं आणि ते भरून काढल्याशिवाय बाकीचे उपाय नीट लागू पडत नाहीत, म्हणून तेही मोजायला सांगा. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आलं तर आतड्यातून प्रथिनं गळत असण्याची शंका घ्यायची. पाय किंवा पोट सुजण्याआधी सोनोग्राफी आणि पुढचे उपचार लागतात. आणि मधूनच ढेपाळणारा, सलाईन लावलं की जादूसारखा उठून बसणारा, पुन्हा महिन्याभराने ढेपाळणारा कुत्रा असेल तर अधिवृक्क ग्रंथींचा विकार, म्हणजे ॲडिसनचा आजार, डोक्यात ठेवा. तो साध्या जुलाबाच्या वेषात वर्षानुवर्षं फिरू शकतो. कॉर्टिसॉलची एक चाचणी त्याला वगळायला बहुधा पुरते.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत: मुंबईत परळ, पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळ, शिवाय परभणी, उदगीर, नागपूर. रांग असते, सकाळी लवकर जावं लागतं. पण शिकवणारी माणसं आणि प्रयोगशाळा एकाच आवारात मिळतात. जाताना कागद, फोटो, ताजा नमुना आणि आधीच्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जा. मधल्या काळात कुणी नुसत्या अंदाजाने स्टिरॉइड सुरू करून दिलं असेल तर ते आधी सांगा, कारण त्याने कॉर्टिसॉलची चाचणीही चुकते आणि पुढे आतड्याचा तुकडा तपासायची वेळ आली तर तोही नीट वाचता येत नाही. स्टिरॉइड चालू असेल तर ते घरच्या घरी एकदम बंदही करू नका, कमी कसं करायचं ते डॉक्टरांनाच ठरवू दे.